शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पहिल्यांदा जाताय? त्रास देणाऱ्या प्रेक्षकांशी कसं वागायचं

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. या दिवसांत मला ओळखीपाळखीतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणी नोकरीसाठी इथे बदलून आलेलं असतं, कुणी शिकायला आलेलं असतं, कुणी जन्मापासून इथलंच असून कधी मैदानात पाऊल न ठेवलेलं असतं. "मॅच बघायची आहे ओ, पण गॅलरीत शिवीगाळ, भांडणं होतात म्हणे. पोरांना घेऊन यावं का?"

या. जरूर या. मी कॉलेजात असल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून सामने बघते आहे. आता माझ्यासोबत नऊ वर्षांचा भाचा असतो. या वर्षांत वाईट अनुभव आले, घाबरूनही गेले, पण जाणं सोडलं नाही. त्रास देणाऱ्यांच्या भीतीने साधी माणसं घरी बसली की गॅलरी त्रास देणाऱ्यांच्याच ताब्यात जाते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी जे कळलं ते सगळं लिहिते. माझा संघ कोणता, याचा इथे संबंध नाही. हे सगळ्याच संघांच्या समर्थकांना लागू आहे.

आधी हे समजून घ्या: इथे कुणी अनोळखी नाही

कोल्हापूरचे संघ कंपन्यांचे नाहीत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, वेताळमाळ, ऋणमुक्तेश्वर या नावांपुढे आजही 'तालीम' हा शब्द लागतो. ज्या तालमींत कुस्तीचा घाम गळला, त्याच तालमींनी छत्रपती घराण्याच्या आश्रयाने फुटबॉल उचलला आणि पेठेपेठेत रुजवला. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावंही तशीच, गल्लीतल्या पोरांनी आणि गल्लीतल्या वर्गणीने उभी राहिलेली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, लीग भरवते. लीग संपली की त्याच मैदानावर वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा सुरू होतात.

त्यामुळे इथला समर्थक फक्त एका संघाचा नसतो. तो एका बोळाचा, एका चौकाचा असतो. मैदानात धावणारा डिफेंडर त्याच्या शेजारच्या घरातला असतो, गोलकीपर बहिणीच्या वर्गातला असतो. प्रेम इतकं जवळचं असलं की रागही तितकाच जवळचा होतो. सामना हरला की मंडळासोबत घरही हरल्यासारखं वाटतं. बाहेरून आलेल्याला ही धग आधी कळत नाही आणि तो बिचकतो.

पण याच गोष्टीत तुमच्या हाताला लागणारं सगळ्यात मोठं साधन आहे. तुमच्या पुढच्या पायरीवर उभा राहून अचकट-विचकट ओरडणारा पोरगा तुम्हाला अनोळखी असेल, गॅलरीला तो अनोळखी नसतो. त्याच्या वडिलांना, त्याच्या काकाला, त्याला लहानपणी बूट घेऊन देणाऱ्या कुणालातरी ओळखणारं माणूस वीस पावलांच्या आत बसलेलं असतं. ते माणूस शोधायचं. या लेखातली निम्मी युक्ती तेवढीच आहे.

पहिला सामना निवडताना

पहिल्याच दिवशी अंतिम सामन्याला जाऊ नका. दोन मोठ्या, एकमेकांशी जुनी चुरस असलेल्या पेठा समोरासमोर असतील त्या दिवशीही नको. त्या सामन्यांची मजा काही वेगळीच असते, पण ती बघायला आधी गॅलरी वाचता यायला हवी. लीगच्या सुरुवातीचा एखादा साधा सामना निवडा. बहुतेक दिवशी दोन सामने असतात. दुपारचा पहिला सामना लहान मुलांना न्यायला उत्तम, कारण गर्दी विरळ असते आणि मध्येच उठून जावं लागलं तर वाट मोकळी असते.

कपड्यांकडे लक्ष द्या. कोणत्या दोन संघांचा सामना आहे ते आदल्या दिवशीच्या पेपरात बघा आणि त्या दोघांच्याही जर्सीचा रंग टाळा. नवख्या माणसाला कुणी मुद्दाम काही करत नाही, पण वातावरण तापलं की रंग बघूनच माणूस कोणत्या बाजूचा ते ठरवलं जातं.

बसायचं कुठे

गॅलरी म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या. तिथे नंबर नसतो, आधी आला तो बसला. जागा निवडण्यात गेलेली पाच मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात, म्हणून इथे घाई करू नका.

गेटवर किंवा पायऱ्या चढताना कुणालाही विचारा, "दादा, आज कुठलं पब्लिक कुठं बसतंय?" लगेच उत्तर मिळतं. दोन्ही संघांचे मोठे घोळके ठरलेल्या बाजूंना असतात. त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात बसू नका. जागा ऐसपैस दिसते म्हणून नवखी माणसं नेमकी तिथेच जाऊन बसतात. काही फेकाफेक झालीच तर ती त्या पट्ट्यावरूनच होते, म्हणून तो रिकामा असतो.

हलगीच्या अगदी जवळही बसू नका. हलगी हा या गॅलरीचा जीव आहे, मला ती नसेल तर सामना अळणी वाटतो. पण तिच्याभोवतीची पोरं दोन तास उभीच असतात आणि नाचतात. तिथे जाऊन 'बसा' म्हणणं बरोबर नाही, ती जागाच त्यांची आहे.

मग कुठे? रोज येणारे म्हातारे कुठे बसलेत ते बघा. प्रत्येक गॅलरीत असे पाच-सात जण असतात. डोक्याला टोपी किंवा रुमाल, बुडाखाली घडी केलेला पेपर, शेजारी पाण्याची बाटली. त्यांची जागा वर्षानुवर्षं ठरलेली असते. ऊन कधी कुठे येतं, कुठून गोलपोस्ट नीट दिसतो, कुठून पटकन बाहेर पडता येतं, हे सगळं त्यांनी कधीच जोखलेलं असतं. त्यांच्या मागच्या किंवा बाजूच्या पायरीवर बसा. त्यांच्यासमोर पोरं जिभेला जरा लगाम घालतात, हा दुसरा फायदा.

बाहेर जायची वाट कुठे आहे ते बसण्याआधी बघून ठेवा. सोबत लहान मूल असेल तर त्यालाही दाखवा.

शिट्टी वाजण्याआधी बोलून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. शेजारी, पुढे, मागे बसलेल्यांशी सामना सुरू होण्याआधी दोन वाक्यं बोला. "आम्ही पहिल्यांदाच आलोय, आज कोण जोरात आहे?" एवढं पुरतं. कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत संपत नाही. कोण कुठल्या तालमीतून कुठे गेला, कुणाचा गुडघा दुखावलाय, मागच्या वर्षी टायब्रेकरला, म्हणजे बरोबरी सुटेना म्हणून मारलेल्या पेनल्टींना, काय झालं, सगळं ऐकायला मिळतं. भडंग किंवा खारे शेंगदाणे घेतलेच असतील तर पुडी पुढे करा.

हे करायचं कारण असं, की अर्ध्या तासाने "काका, जरा बसता का" म्हणायची वेळ आली, तर तेव्हा तुम्ही तक्रार करणारे परके नसता. ज्यांच्या पुडीतले शेंगदाणे खाल्ले ते शेजारी असता. तेच वाक्य, तोच आवाज, पण ऐकणाऱ्याच्या मनात जागा वेगळी.

कोणता त्रास हा त्रास नव्हे

नवख्या लोकांना इथे थोडं स्पष्ट सांगावं लागतं. गोल झाला, गोल हुकला, पेनल्टी मिळाली, तर सगळी गॅलरी उभी राहणार. हलगी वाजणार, शिट्ट्या वाजणार, कानठळ्या बसणार. रेफ्रीच्या निर्णयावर हजार माणसं एकदम ओरडणार. मागचा माणूस आनंदात तुमच्या खांद्यावर थाप मारणार. कुणीतरी प्रशिक्षकापेक्षा मोठ्या आवाजात 'बॉल सोड की' म्हणून सूचना देत राहणार. हा बेशिस्तपणा नाही, ही मॅच आहे. घरातल्या टीव्हीसारखी शांतता हवी असेल तर मैदान ती जागा नाही, आणि तुमच्यासाठी मैदानाने गप्प बसावं ही अपेक्षाही रास्त नाही.

माझी रेघ अशी आहे: आवाज सोसायचा, पण कुणाला इजा, कुणाचा अपमान आणि कुणाची अडवणूक सोसायची नाही.

पुढचा माणूस उभाच राहतो तेव्हा

सर्वात जास्त वेळा येणारी अडचण हीच. खेळ चालू असताना, काहीच घडत नसताना पुढचा माणूस उभा, नाहीतर झेंडा उलगडून धरलेला.

इथे मी स्वतः चुकले ती गोष्ट सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भावासोबत गेले होते. पुढच्या पायरीवरच्या पोराने झेंडा असा धरला होता की आम्हाला अर्धं मैदान दिसत नव्हतं. मी मागून ओरडले, "ए, बस की खाली, दिसत नाही का?" त्याने वळून बघितलं, त्याच्या मित्रांनीही बघितलं. सगळ्यांसमोर एका पोरीने एकेरी हाक मारली होती, आता बसणं म्हणजे त्याच्यासाठी हरणं होतं. तो तसाच उभा राहिला, मित्रही उभे राहिले. भाऊ उठला, कुणीतरी त्याची कॉलर धरली. मधल्या लोकांनी सोडवलं म्हणून निभावलं. सामना कुणी जिंकला ते मला आठवत नाही. भावाच्या शर्टाचं तुटलेलं बटण आठवतं.

तेव्हापासून मी असं करते. मागून ओरडत नाही, उठून बाजूला जाते. खेळ थांबलेला असताना, थ्रो-इन किंवा दुखापतीच्या वेळी, त्याच्या शेजारी जाऊन हळू आवाजात बोलते. 'तू' म्हणत नाही. "दादा, पोराला दिसंना झालंय. गोल झाला की सगळेच उठूया, आता वाईच बसता का?" कारण लहान मुलाचं असेल तर दहातले नऊ जण बसतात, 'सॉरी ताई' म्हणून बसतात. मित्रांच्या देखत त्याला खाली बघायला लागू नये, एवढीच काळजी घ्यायची.

दहावा बसत नाही. त्याला दुसऱ्यांदा सांगायला जाऊ नका. त्याच्या घोळक्यातला सगळ्यात वयस्क माणूस हेरा आणि त्याच्याशी बोला. किंवा ज्या म्हाताऱ्यांच्या मागे बसलात, त्यांना सांगा. आमच्या बाजूला एक तात्या बसतात. त्यांनी नुसतं "आरं, पोरगं बसलंय माघारी," म्हटलं तरी काम होतं. तरीही नाही झालं, तर जागा बदला. जागा बदलण्यात हार नाही. तुम्ही सामना बघायला आलात, त्या पोराला सुधारायला नाही.

शिव्या

याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त माणसं याच कारणाने यायची थांबतात.

गॅलरीत शिव्या येणार नाहीत असं मी कुणाला सांगणार नाही, ते खोटं होईल. पास चुकल्यावर तोंडातून सुटलेली शिवी वेगळी आणि अर्धा तास एकाच माणसाला आई-बहिणीवरून लावलेली माळ वेगळी. पहिलीकडे मी कानाडोळा करते. दुसरीसाठी बोलते.

बोलताना शिवीवर बोलू नका. "शिव्या देऊ नका" म्हटलं की "मग काय, आरती म्हणू?" असं उत्तर येतं आणि त्याचे मित्र हसतात. त्याऐवजी, "भावा, बारकी पोरं हायेत हितं," एवढंच. त्याला त्याच्या शेजारचं मूल दाखवायचं. बहुतेकांना ते खरंच दिसलेलं नसतं. नजर मैदानावर असते.

स्वतःच्याच संघाच्या खेळाडूला शिव्या देणारे मला सगळ्यात जास्त खुपतात. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर असतं. सकाळी सरावाला, मग कॉलेजला किंवा कामाला, आणि दुपारी आपल्या पेठेसाठी उन्हात पळतं. त्याची आई, बहीण याच गॅलरीत बसलेली असू शकते. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तसे दहा जण या मातीतून यावेत असं वाटत असेल, तर चुकलेल्या पासवर पोराची आई काढून चालणार नाही. इथे मी नियम मोडते आणि थेट बोलते: "आपलाच पोरगा हाय, टाळ्या वाजवा की, पुढचा पास नीट देईल." यावर आजवर कुणी भांडलेलं नाही, कारण आतून सगळ्यांना ते पटलेलं असतं.

रंगावरून, जातीवरून, धर्मावरून ओरडणं मात्र कानाडोळा करण्यासारखं नाही. गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतले खेळाडू इथल्या संघांतून खेळून गेले आहेत, आणि त्यांना उद्देशून काढलेले आवाज मी ऐकले आहेत. लाज वाटली. फिफाच्या पद्धतीत यासाठी तीन टप्पे ठरलेले आहेत: रेफ्री आधी सामना थांबवतो, तरी चालू राहिलं तर खेळाडूंना आत नेतो, आणि तरीही थांबलं नाही तर सामना रद्द करतो. म्हणजे हा प्रकार किती गंभीर मानला जातो ते बघा. अशा वेळी त्या घोळक्याशी एकट्याने हुज्जत घालू नका, पण त्यांच्या हसण्यात हसूही नका. संयोजकांकडे जा आणि काय ओरडलं गेलं ते जसंच्या तसं सांगा. सांगताना जीभ अडखळते, तरी सांगा.

सिगारेट, मावा आणि दारू

स्टेडियम उघड्यावर असलं तरी तिथे सिगारेट ओढायला कायद्याने बंदी आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत स्टेडियमचा स्पष्ट उल्लेख आहे आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. पण पेटवलेल्या माणसाला कलम ऐकवून उपयोग होत नाही. "धूर इकडं येतोय, त्या टोकाला जाता का जरा?" असं म्हणा. बहुतेक जण जातात. मावा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन थुंकणाऱ्याच्या खालच्या पायरीवर बसू नका, आणि बसण्याआधी पायरी बघून पेपर अंथरा. याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

दारू प्यायलेल्या माणसाशी अजिबात बोलू नका. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. उठा आणि लांब बसा. तो तोल जाऊन पडतोय किंवा लोकांच्या अंगावर जातोय असं दिसलं तर संयोजक किंवा पोलीस, तिसरा पर्याय नाही.

मुली आणि बायका

गॅलरीत बायका आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पहिल्यांदा येणार असाल तर दोघी-तिघी मिळून या आणि कुटुंबं बसलीत त्या बाजूला बसा.

गर्दीत कुणी मुद्दाम अंगाला लागलं, तर मी आवाज चढवते. वर हळू बोलण्याचं जे सांगितलं ते इथे लागू नाही. "मागं सरा!" असं मोठ्याने, आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू जाईल असं म्हणायचं. अशा माणसाला गर्दीत लपायचं असतं. आवाज झाला की ओळख असलेली माणसं वळून बघतात आणि त्याचं लपणं संपतं. आमच्या गॅलरीतली माणसं अशा वेळी उठतात, हे मी खात्रीने सांगते.

कुणी अश्लील बोललं, हावभाव केले, न विचारता व्हिडिओ काढत राहिलं, तर तो गुन्हा होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेल्या शब्दांसाठी आणि हावभावांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मैदानात बंदोबस्ताला पोलीस असतातच. त्यांच्यापर्यंत जाता येत नसेल तर ११२ वर फोन करा.

कधी उठायचं

पाण्याची पाऊचं, रिकामी बाटली एखाददुसरी उडाली तर लगेच घाबरू नका, पण तेव्हापासून अर्धं लक्ष गॅलरीवर ठेवा. मी तीन गोष्टी बघते. मैदानात खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले आणि राखीव खेळाडूही आत धावले का? घोळक्यातली माणसं खेळाकडे पाठ करून समोरच्या घोळक्याकडे बघायला लागली का? आणि तात्यांसारखी रोजची म्हातारी माणसं पेपराची घडी खिशात घालून उठली का? तिसरी खूण सगळ्यात पक्की. ती उठली की मी विचार करत बसत नाही.

१६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानावरची धुसफूस गॅलरीत पसरली, दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले आणि जीव वाचवायला पळणाऱ्यांच्या चेंगराचेंगरीत १६ माणसं गेली. ती माणसं सामना बघायला आली होती. त्यांच्या आठवणीत कोलकात्यात आजही दर १६ ऑगस्टला फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. माणसं दरवेळी दगडानेच मरतात असं नाही. सगळे एकाच वेळी एकाच वाटेकडे धावतात, तेव्हा मरतात. म्हणून आधी निघायचं, चालत निघायचं. उशीर झालाच असेल तर धावत्या गर्दीत शिरायचं नाही, बाजूला भिंतीला टेकून, मुलाला पुढे घेऊन थांबायचं.

गेल्या हंगामात १-१ असा सामना असताना, टायब्रेकरच्या आधी, मी भाच्याला उचलून बाहेर आणलं. तो रस्ताभर रडला. त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही, टायब्रेकर सुरळीत पार पडला. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि हे मी त्याला सांगितलं आहे.

तक्रार कशी सांगायची

संयोजकांना किंवा पोलिसांना "तिकडं लई गोंधळ चाललाय" असं सांगून भागत नाही. कोणती बाजू, वरून किंवा खालून साधारण कितवी पायरी, अंगात काय घातलंय आणि नेमकं काय केलं, एवढं सांगा. उदाहरणार्थ: "गोलपोस्टच्या मागं, खालून चौथ्या पायरीवर, पिवळा टी-शर्ट, मैदानात बाटल्या टाकतोय." त्रास देणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून पुरावा गोळा करायला जाऊ नका, त्यातून नवीन भांडण उभं राहतं. प्रकार मोठा असेल तर दुसऱ्या दिवशी केएसएच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. तारीख, सामना, वेळ, बाजू लिहा आणि पोच घ्या. त्या संघाच्या तालमीत जाऊन वडीलधाऱ्यांच्या कानावर घालणं हा आणखी एक रस्ता. तो कागदावर कुठेच नाही, पण माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर चालतो. तालमीला आपल्या नावाची काळजी असते.

दुसऱ्या शहरातल्या मैदानांवर

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात किंवा मडगावच्या फातोर्ड्याला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सामना बघायला गेलात, तर हा ओळखीचा धागा तिथे तितका मिळणार नाही. पण तिथे तिकिटावर स्टँड आणि सीट छापलेली असते आणि फिरते स्वयंसेवक असतात. सीटवरून वाद झाला तर तिकीट दाखवून स्वयंसेवकाला बोलवा, स्वतः वाद घालू नका. ढोल वाजवत पूर्ण वेळ उभा राहणारा समर्थकांचा गट कोणत्या स्टँडला असतो ते तिकीट काढण्याआधी विचारा. बसून बघायचं असेल तर ते स्टँड सोडून दुसरं घ्या.

सामना संपल्यावर

जिंकलेल्या बाजूचा गुलाल आणि मिरवणूक बाहेर पडू द्या, दहा मिनिटं पायरीवर बसूनच राहा. गाडी लावताना गेटसमोर न लावता एखाद्या बाजूच्या गल्लीत लावलेली असेल तर याच वेळी त्याचा उपयोग होतो. जर्सी किंवा झेंडा असेल तर पिशवीत घाला आणि दुसऱ्या पेठेतून हॉर्न वाजवत जाऊ नका. रात्री हरलेल्या संघाला डिवचणारा स्टेटस ठेवू नका, कुणी ठेवलेला पुढे पाठवू नका. पुढच्या सामन्याचं भांडण बऱ्याचदा आदल्या रात्रीच्या मोबाईलमध्येच सुरू झालेलं असतं.

आणि आठवड्याभराने पुन्हा या, त्याच पायरीवर बसा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तात्या तुमच्याकडे बघून विचारतील, "काल आला न्हाईसा?" त्या दिवसापासून गॅलरीत तुमचीही जागा ठरलेली असेल, आणि मागे बसलेलं नवखं कुणीतरी "जरा बसता का" म्हणायला तुमच्याकडे बघेल.